वडिलांना अर्धांगवायू: साडेतीन लाखांचं स्टेम सेल की फुकटातला ट्रायल? सही करावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, आधीच माफी मागतो. घरात तीन माणसं आणि चार मतं आहेत, आणि मला येत्या मंगळवारपर्यंत काहीतरी ठरवायचंय.

अण्णा म्हणजे माझे वडील, वय ६४, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना हातातलं रेझर पडलं. उचलायला वाकले ते तिथंच बसले. आईला वाटलं पित्त झालं, तिनं लिंबूपाणी पाजलं. शेजारच्या आजी आल्या, एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "अंगावरनं वारं गेलंय." इतकं अचूक निदान हातात असूनही आम्ही त्यांना आधी मालिशवाल्याकडे नेलं. कराडात पोचेस्तोवर सहा तास उलटले. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला तिथल्या डॉक्टरांच्या तोंडून कळलं. असो. त्यावर रात्री जागून झाल्यात.

मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडला. उजवा हात-पाय गेला, आणि वाचाही. आज चौदावा आठवडा चालू आहे. पाय बराच आला, काठी घेऊन संडासापर्यंत एकटे जातात. हात खांद्यातून थोडा उचलतो, कोपर वाकतं, मूठ मात्र मिटलेली ती मिटलेलीच. नखं कापायची तर आम्हाला दोघं लागतात. बोलण्यात "हां", "नाय" आणि "चला" एवढंच. बेचा पाढा सुरू करून दिला की वीसपर्यंत न अडखळता म्हणतात, पण पाणी पाहिजे हे सांगता येत नाही. मग चिडतात, मग रडतात.

आता मूळ मुद्दा. मामांच्या ओळखीच्या एका माणसानं स्टेम सेलचं, म्हणजे मूळ पेशी टोचायचं, सेंटर सुचवलंय. पाठीच्या मणक्यातून तीन डोस, साडेतीन लाख. व्हॉट्सअॅपवर आधीचे-नंतरचे व्हिडिओ पाठवलेत, त्यात एक आजोबा पाय ओढत येतात आणि चार महिन्यांनी सायकल चालवतात. एक नंबर असलेला कागदही दाखवला, "सरकारी नोंदणी आहे" म्हणाला. त्यासाठी अर्धा एकर उसाचं रान गहाण टाकायची मामांची तयारी आहे. रान त्यांचं नाही, आमचं.

दुसरीकडे पुण्यात ज्या हॉस्पिटलात आम्ही तपासणीला जातो तिथं हाताच्या व्यायामाचा काहीतरी अभ्यास, म्हणजे ट्रायल, चालू आहे. अण्णा बसतात म्हणे त्यात. अकरा पानी कागद दिलाय. पैसे नाहीत. पण निम्म्या लोकांना नवीन व्यायाम आणि निम्म्यांना नेहमीचेच उपचार, आणि कोण कुठं ते डॉक्टर ठरवत नाहीत, कॉम्प्युटर ठरवतो! काका भडकले. "आपला माणूस काय उंदीर आहे का प्रयोग करायला?"

कुणाचा अनुभव असेल तर सांगा. आणि सही कुणी करायची? अण्णांचा उजवा हात चालत नाही, बोलता येत नाही. मी केली तर चालते का?

पिंपळपान

स्टेम सेलच्या नादी लागू नका. माझ्या आत्याला नेलं होतं. कुठं ते लिहीत नाही. दोन डोस झाले, पैसे गेले, हात आहे तसाच आहे. तिसऱ्या डोसच्या वेळी त्यांचं म्हणणं, अजून दोन घेतले तर नक्की. त्याआधी गावातल्यांनी कबुतराचं रक्त चोळायला लावलं होतं. आत्या म्हणते त्यात निदान कबुतरच गेलं.

जुनी_कोऑर्डिनेटर

दादा, मी सात वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या न्यूरो विभागात ट्रायल कोऑर्डिनेटर होते. डॉक्टर नव्हे. रुग्णाच्या शेजारी स्टूल ओढून तो अकरा पानी कागद वाचून दाखवणारी बाई. तेव्हा औषधाचा सल्ला मी देणार नाही, कागदांबद्दल बोलते.

आधी स्टेम सेल. हा प्रश्न आपल्याच देशात नीट विचारून झालाय. दिल्लीच्या एम्सचे डॉ. कामेश्वर प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच केंद्रांत मिळून अर्धांगवायूचे १२० रुग्ण घेतले. अर्ध्यांना त्यांच्याच हाडाच्या मगजातून काढलेल्या पेशी शिरेतून दिल्या, अर्ध्यांना दिल्या नाहीत. सहा महिन्यांनी मोजलं: स्वतः जेवता येतं का, आंघोळ, संडास, जिना. याला बार्थेल इंडेक्स म्हणतात, १०० पैकी गुण असतात. दोन्ही गटांत फरक निघाला नाही. हे २०१४ साली 'स्ट्रोक' नावाच्या नियतकालिकात छापून आलंय. अपाय दिसला नाही, उपायही दिसला नाही. तुमचा माणूस म्हणेल, ते शिरेतून होतं, आमचं मणक्यातून आहे. ठीक. वेगळं असेल तर वेगळं सिद्ध करून दाखव म्हणावं, पण आमच्या उसावर नको.

दुसरं म्हणजे आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं. रक्ताच्या वगैरे ठरावीक आजारांसाठी बोन मॅरो ट्रान्सप्लांट होतं ते सोडलं, तर बाकी आजारांत स्टेम सेल फक्त मंजूर ट्रायलमध्येच द्यायचं. आणि ट्रायल म्हटला की रुग्णाकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. म्हणजे बघा, तो उपचार म्हणून विकत असेल तरी चूक, संशोधन म्हणून विकत असेल तरी चूक. साडेतीन लाख कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

आणि तो नंबर. सीटीआरआयचा असणार, म्हणजे क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, इंडिया. ही २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून औषधांच्या ट्रायलना सुरू होण्याआधीच नोंदणी सक्तीची झाली. चांगलीच गोष्ट आहे. पण सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे रानात पीक उभं राहिलं असं होत नाही. नोंदणी म्हणजे 'आम्ही हे तपासणार आहोत' एवढंच, 'हे लागू पडतं' असं नव्हे. रजिस्ट्रीची साइट सगळ्यांना खुली आहे. नंबर टाका आणि तो नक्की कुठल्या आजाराचा आहे ते बघा. मी एकदा एका बाईंनी आणलेला नंबर टाकला तर तो गुडघेदुखीचा निघाला.

त्या व्हिडिओंबद्दल एकच सांगते. अण्णा चौदा आठवड्यांपूर्वी उठून बसत नव्हते, आज काठी घेऊन चालतात. या काळात कुणी तुम्हाला सव्वा लाखाचं इंजेक्शन विकलं असतं तर आज तुम्हीच त्याचा व्हिडिओ काढून दिला असता. पहिल्या काही महिन्यांत मेंदू आपणहून बरंच सावरतो, आणि नेमकी तीच सुधारणा हे लोक बाटलीत भरून विकतात.

म्हणूनच दोन गट करावे लागतात. आमच्या मराठी माहितीपत्रकात भाषांतरकारानं 'यादृच्छिकीकरण' असा शब्द घातला होता. मी तो पाच-पन्नास वेळा वाचून दाखवला असेल, एकालाही कळला नाही. शेवटी मी पेन खाली ठेवायचे आणि सांगायचे, "चिठ्ठ्या टाकायच्या, देवासमोर टाकतो तशा." लगेच कळायचं. बारामतीकडचे एक शेतकरी होते, त्यांनी विचारलं, "म्हणजे मला पाण्याची सुई पण लागू शकते?" (औषध नसलेली, असं त्यांना म्हणायचं होतं.) हो म्हटलं. "आणि तुम्हाला पण म्हाईत नसणार?" नाही म्हटलं. "मग बरं. तुम्हाला म्हाईत असतं तर तुम्ही आपल्या माणसाला चांगली दिली असती." डॉक्टरांच्या वर्गात दोन तासांत शिकवतात ते त्यांनी एका वाक्यात उरकलं.

डॉक्टरांनी का ठरवू नये? तर डॉक्टरही माणूसच. ज्याचं बोट हलतंय त्याला नवीन व्यायामात ढकलायचा मोह होतो, आणि मग व्यायाम चांगला की माणूस आधीच बरा, हे कळत नाही. मोठी संख्याही याचसाठी लागते. फ्लुऑक्सेटिन म्हणून उदासीपणावरची जुनी गोळी आहे. २०११ मध्ये फ्रान्समध्ये अर्धांगवायूच्या ११८ रुग्णांवर पाहिलं, हात-पाय जास्त सुधारले. जगभर डॉक्टर लिहून द्यायला लागले. मग ब्रिटनमध्ये ३१२७ रुग्णांवर पाहिलं, २०१८ मध्ये निकाल आला. रोजची कामं करण्यात काडीचा फरक नाही, उदासी थोडी कमी, पण हाडं मोडायचं प्रमाण जास्त. ज्यांच्या चिठ्ठीत औषध नसलेली साधी गोळी निघाली ते 'उंदीर' की ज्यांनी ट्रायलच्या बाहेर सात वर्षं ती गोळी खाल्ली ते, हे काकांना विचारा. (काकांना माझा नमस्कारही सांगा. असे चिडणारे काका असले की कोऑर्डिनेटर नीट वाचून दाखवते.)

आता सही. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही, आणि इथंच घरचे चुकतात. अण्णांना कळत असेल तर संमती त्यांचीच. त्यांना छोट्या वाक्यांत, चित्रं दाखवून विचारायचं, उलटसुलट विचारायचं. "पुण्याला यायचं?" "पुण्याला नाही यायचं?" दोन्हीला "हां" आलं तर कळलेलं नाही, दुसऱ्या दिवशी परत विचारायचं. डाव्या हातानं सही किंवा अंगठा चालतो, आणि वाचता येत नसेल तर हॉस्पिटलचा नसलेला एक त्रयस्थ साक्षीदार बसवतात. खरोखरच समजत नसेल तरच कायदेशीर प्रतिनिधी म्हणून तुमची सही. आणि सही केल्यावरही कुठल्याही दिवशी कारण न सांगता बाहेर पडता येतं, त्याचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होता कामा नये. हे कागदात लिहिलेलं असेलच, सापडेपर्यंत वाचा.

विचारायचं असेल तर हे विचारा. नेहमीच्या गटाला नक्की काय मिळणार? आत्ता मिळतंय त्यापेक्षा कमी तर नाही ना? कराड-पुणे भाडं मिळणार का? बहुतेक ठिकाणी प्रवासखर्च देतात, पण लोक लाजेनं मागत नाहीत. आणि शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे रुग्णांच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन असतो, तो लावून बघा. उचलतात का ते बघायलाच लावा.

फिजिओ_कोकण

ताईंनी कागदांचं सांगितलं, मी हाताचं सांगते. न बघता सल्ला देणं बरोबर नाही, तरी काही गोष्टी सगळ्यांनाच लागू असतात.

पहिली म्हणजे, अण्णांना उठवताना त्या हाताला धरून ओढू नका, बगलेत हात घालून उचलूही नका. कमरेला धरा, जाड पट्टा बांधून त्याला धरलं तर उत्तम. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, सांधा निसटतो, आणि एकदा खांदा दुखायला लागला की रुग्ण व्यायामच करू देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या खांद्यांचं दुखणं घरच्या प्रेमानं ओढलेलं असतं. बसल्यावर हात मांडीवरून खाली लोंबकळत ठेवू नका, खाली उशी द्या.

मुठीसाठी कुणीतरी स्पंजचा बॉल दाबायला दिला असेल. माझं मत स्पष्ट आहे: तो नातवाला द्या. मूठ आधीच मिटायला बघतेय, तिला मिटायची आणखी सवय कशाला? उघडताना थेट बोटं सोडवायला जाऊ नका, जितकं ओढाल तितकी घट्ट होते. आधी मनगट अलगद खाली वाकवा, बोटं आपोआप सैल पडतात. मग अंगठा मुळापासून बाहेर घ्या, मग बोटं. कोमट पाण्यात हात ठेवून हे केलं की नखं एकट्यानं कापता येतील. तळहात धुऊन पुरता कोरडा करा, घामानं तिथं कातडी कुजते. एवढं करूनही उघडत नसेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना बोट्युलिनमच्या इंजेक्शनबद्दल विचारा. त्यानं ताठरपणा साधारण तीन महिने कमी होतो. हात स्वच्छ ठेवणं, कपडे घालणं सोपं जातं, पण त्यानं बोटं कामाला लागतील अशी आशा धरू नका.

तुम्ही यूट्यूबवर चांगला हात बांधून ठेवायची पद्धत बघितली असेल, म्हणजे लुळा हात वापरावाच लागतो, सगळेच बघतात. ती खोटी नाही. अमेरिकेत सात केंद्रांत २२२ रुग्णांवर तपासली गेली, २००६ मध्ये निकाल आला, आणि फायदा वर्षभर टिकला. पण त्यात घेतलेल्या लोकांचं मनगट किमान १० अंश वर उचलत होतं आणि अंगठा व दोन बोटं थोडी तरी उघडत होती. अण्णांचा डावा हात आत्ता बांधलात तर त्यांच्याकडे एकही हात राहणार नाही.

त्यापेक्षा दोन्ही हातांचं काम द्या. ड्रायव्हर होते ना? स्टीलची परात घ्या. उजवा हात परातीच्या काठावर रुमालानं सैल बांधा, डावा नुसता धरा, आणि बसल्या जागी वळणं घेऊ द्या. टेबलावर टॉवेल पसरून दोन्ही हातांनी पुढं-मागं ढकलायचा. वाटी सरकवायची. मोजून. आपल्याला वाटतं खूप केलं, पण उत्तर अमेरिकेत थेरपीच्या एकेका सत्रात बसून मोजलं तर हाताच्या कामाच्या आवृत्त्या सरासरी ३२ च भरल्या. माझी स्वतःची मोजली तर मलाच लाज वाटली.

एक प्रामाणिक गोष्ट सांगते, कारण कुणीतरी पुढं टाकेलच. घरच्यांना शिकवून घरीच व्यायाम घ्यायचा, हे भारतात १४ हॉस्पिटलांत १२५० रुग्णांवर तपासलं. २०१७ चा निकाल: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के. मी ते वाचून दोन दिवस गप्प होते, कारण माझं अर्धं काम तेच आहे. पण तुलना नेहमीच्या उपचारांशी होती, 'काहीच न करण्या'शी नाही. तेव्हा परात सोडू नका.

डावखुरा_झालेला

मी स्वतः रुग्ण. उजवी बाजू, २०१९. हे डाव्या हाताच्या एका बोटानं लिहितोय म्हणून थोडक्यात.

अण्णांच्या समोर त्यांच्याबद्दल बोलू नका. मला पहिले पाच महिने बोलता येत नव्हतं पण ऐकू सगळं येत होतं. भावानं बिछान्याशी उभं राहून माझ्या गाडीची किंमत ठरवली होती.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा कळवतोय.

तो नंबर टाकला. आमच्या माणसाचा गुडघेदुखीचा नव्हता, लकव्याचाच होता, पण स्थिती 'अजून सुरू नाही' आणि नोंदणी सहा वर्षांपूर्वीची. मामांना स्क्रीनशॉट पाठवला. मामा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मग तो सायकलवाला म्हातारा कोण होता?" ते मलाही जाणून घ्यायचंय.

मंगळवारी पुण्याला गेलो. एथिक्स कमिटीचा फोन आधी लावला होता. तिसऱ्यांदा उचलला, पण नीट बोलल्या. तिथल्या मॅडमनी अण्णांना चित्रं दाखवली. बस, घर, हात, घड्याळ. उलटसुलट विचारलं. "नाही यायचं?" म्हटल्यावर अण्णांनी मॅडमकडे अशी नजर टाकली जशी विनातिकीट प्रवाशाकडे टाकायचे, आणि म्हणाले, "चला." मी पॅड धरला, त्यांनी डाव्या हातानं सही केली. तीन मिनिटं लागली. आडनावाचं शेवटचं अक्षर कागदाच्या बाहेर गेलं. मॅडम म्हणाल्या, चालेल.

मग हाताची तपासणी, ६६ पैकी गुण असतात म्हणे, अण्णांना २१ मिळाले. ज्यांनी तपासलं त्या सुरुवातीलाच म्हणाल्या, "कुठल्या गटात आलात ते मला नंतरही सांगायचं नाही हां." काकांना हे फार आवडलं. आता तेच सगळ्यांना समजावून सांगतात.

चिठ्ठी 'नेहमीचे उपचार' अशी निघाली. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. येताना गाडीत कुणी बोललं नाही. नेहमीच्या गटाला आठवड्यातून दोनदा कराडातच फिजिओ मिळणार आहे, जो आत्तापर्यंत पंधरा दिवसांतून एकदा मिळत होता, हे घरी येऊन परत कागद वाचताना लक्षात आलं. भाडं मिळालं.

परात चालू आहे. फिजिओताई, रुमाल बांधला की मनगटावर वळ उठतो, सैल ठेवला तर हात घसरतो. जुन्या मोज्याची पट्टी करून बघू का? आणि डाव्या वळणाला ते छान घेतात, उजव्या वळणाला परात अर्ध्यात थांबते आणि खांदा वर येतो. हे असंच असतं की काही चुकतंय? व्हिडिओ टाकतो उद्या, चेहरा दिसणार नाही असा.